तानाबाईच्या पोटातली बातमी

कोल्हापुरात गंगावेशीतल्या तानाबाईच्या पोटात काही राहत नसे. घरोघर म्हशीचं दूध घालायची आणि दुधाबरोबर बातमीही ओतायची. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या जावयानं फटफटी विकली... दूध एक वेळ पातळ निघेल, बातमी नाही! म्हणून तर सत्याण्णव साली शेजारच्या बसव्वाच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा तिनं तानाबाईलाच बोलावलं.

"तानाक्का, सोमवारी आपरेशन हाय. आमच्या ह्यांना तू सांग. माझ्या तोंडातनं न्हाय निघत. आणि माझ्यापुढं रडू नका म्हणावं. ते रडाय लागलं की मला त्यांचंच बघाय लागतंय."

"एवढंच व्हय? आत्ता सांगते की!"

बसव्वाचा नवरा शिवय्या स्वामी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. तानाबाई तरातरा गेली, मिठाची पुडी मागितली आणि परत आली. घटकाभरानं पुन्हा गेली. पुन्हा मीठच आणलं. बाईच्या जिभेला काय झालं, देव जाणे. संध्याकाळी रतीब घालत ती दारोदार मुकी फिरली. एका घरी दूध दोनदा घातलं, एका घरी घालायचंच विसरली.

तानाबाई गप्प म्हटल्यावर गल्लीला पर्वणीच!

"नवऱ्यासंगं भांडली असंल."

"न्हाय गं, दुखणं हाय. मोठ्ठं."

दिवेलागणीपर्यंत दुखण्याला नावही मिळालं. आणि शहाळं घेऊन तिच्या गोठ्यात पहिलं हजर कोण? शिवय्या स्वामी!

"तानाक्का, घाबरू नगा. कॅन्सर झाला म्हणून काय माणूस..."

"मला न्हाय हो स्वामी!" तानाबाई ओरडलीच. "बसव्वाला झालाय!"

स्वामी वैरणीच्या पेंढीवर मटकन बसले. मग असे रडले की म्हैस दावं ताणून मागं सरली. तानाबाई उगाच शेण ओढी, उगाच बादली हलवी.

"रडा. काय रडायचं ते हितंच रडून घ्या," ती म्हणाली. "घरात टिपूस चालायचं न्हाय. तिनं तेवढंच मागितलंय."

तोंड धुऊन स्वामी घरी गेले. मागोमाग तानाबाई त्यांच्या खिडकीखाली. चोरून ऐकायचा तिचा सराव दांडगा. पण अशी देवाला हात जोडून ती कधी उभी राहिली नव्हती.

"सोमवारी किती वाजता निघायचं?" स्वामींचा आवाज घोगरा, पण कोरडा.

आत ताट मांडल्याचा आवाज आला.

"आठला," बसव्वा म्हणाली. "जेवा आधी."