उपाध्यक्षावरचं व्याख्यान

मी डूख धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

एकोणीसशे साठच्या दशकात, इंग्लंडात, स्लाऊ गावातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी उपाध्यक्ष होतो. अध्यक्ष डॉक्टर होते. हॉस्पिटलात मोठा हुद्दा, स्वतःचं घर, घरापुढे गुलाब. मी ट्रेडिंग इस्टेट म्हणतात त्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर. उपाध्यक्षाने हॉल उघडायचा, खुर्च्या मांडायच्या आणि शेवटी, लोक कोट चढवत असताना, आभार मानायचे. त्याचं मला काही वाटत नसे.

पण त्या वर्षी गणेशोत्सवात माझी बायको गाणार होती. मुंबईत ती रीतसर गुरूकडे शिकलेली. इथे आमची एकच भाड्याची खोली. घरमालकीण बाहेर पडली की ही रियाजाला बसायची. कार्यक्रमाच्या दिवशी हिरवा शालू नेसून ती पहिल्या रांगेत बसली. डॉक्टर आले आणि तिच्यादेखत मला म्हणाले, "वहिनींचा आयटम ड्रॉप करू या. मेयर येतायत, ते बोअर होतील. त्यांना जरा किचनमध्ये चहाचं बघायला सांगा ना, हेल्प होईल."

ती उठली, पदर खोचला आणि चहा करायला गेली. मी त्या संध्याकाळी मेयरचे आभार मानले, डॉक्टरांचेही मानले. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता मी गाणार नाही." आणि खरंच गायची थांबली, भांडी घासतानाचं गुणगुणणंसुद्धा बंद झालं. मला तिचं गाणं परत हवं होतं, आणि तो माणूस खुर्चीवरून खाली आलेला बघायचा होता.

त्यानंतर काही महिन्यांनी अमेरिकेचे तरुण अध्यक्ष मारले गेले. डॉक्टर फार हळहळले. पुढच्या गणेशोत्सवात आपण त्यांच्यावर व्याख्यान देणार, असं त्यांनी कमिटीत जाहीर केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही त्यांच्या व्हाइस प्रेसिडेंटवर बोला. उपाध्यक्षांनी उपाध्यक्षावर! टेन मिनिट्स, हं." सगळे हसले. मीही हसलो.

मग शनिवारची सुट्टी मी लायब्ररीत घालवायला लागलो. वाचत गेलो तसा तो माणूस मला आवडायला लागला. गावाकडचा, ओढगस्तीच्या घरातला. तरुणपणी गरिबांच्या शाळेत मास्तर होता. पुढे निवडून येत येत सिनेटमध्ये असा बसला की त्याच्याशिवाय तिथलं पान हलेना. आणि उपाध्यक्ष झाल्याबरोबर त्याला कुणी विचारेना. अध्यक्षांभोवतीची शिकलीसवरली पोरं त्याच्या बोलण्याची टवाळी करायची. तो आतल्या आत धुमसत राहिला. मग अध्यक्ष मारले गेले त्याच दुपारी विमानात उभ्या उभ्या त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि त्याच पोरांना त्याच्या हाताखाली काम करायची पाळी आली. मेलेल्या माणसाबद्दल मला वाईट वाटलं होतं. तरी हे वाचताना मला जो आनंद झाला, तो लायब्ररीत शोभणारा नव्हता.

दहा मिनिटांचं व्याख्यान मी पाऊण तास दिलं, तेही डॉक्टरांकडे बघत. "उपाध्यक्षाची किंमत अध्यक्षाला कधीच कळत नाही," म्हणालो, "कारण तो त्याच्याकडे मान वळवून बघतच नाही." मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग हॉलभर हशा पिकला. डॉक्टरांचे कान लालेलाल. त्यांनी दुखावलेला मी काही एकटा नव्हतो. ज्याला त्याला त्यांनी कधी ना कधी चहाला पिटाळलं होतं. वार्षिक सभेत लोकांनी मला अध्यक्ष केलं. मी लगेच उठून डॉक्टरांचं नाव उपाध्यक्षपदासाठी सुचवलं. चारचौघांत मोठेपणा दाखवायची सवय त्यांना नडली. नाही म्हणता आलं नाही.

पुढच्या गणेशोत्सवात मी बायकोचं गाणं कार्यक्रमपत्रिकेत छापूनच टाकलं. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. ती गायला बसली. पहिल्या ओळीलाच मला कळलं. श्वास पुरत नव्हता, वरचा सूर लागत नव्हता. दोनदा थांबून तिने कसंबसं गाणं संपवलं. मग डॉक्टर आभाराला उठले आणि म्हणाले, "वहिनींचं गाणं तर काय, सुपर्ब!" मला वाटलं, जिंकलो.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, दर शनिवारी तुम्ही लायब्ररीत होतात. घरमालकीणही बाहेर असायची. 'गायला बस' असं एकदा तरी म्हणायचं होतंत."

तिच्या त्या बोलण्याचाही राग मी डॉक्टरांवरच काढला. पुढे ते दर वर्षी मोकळं करा म्हणून विनवत राहिले, पण मी अध्यक्ष असेपर्यंत त्यांना उपाध्यक्षपदावरून हलू दिलं नाही.