शकिलाआपाची मिशी

शकिलाआपा दर रविवारी काजळाने मिशी काढायची. मोताळ्याच्या आमच्या मुलींच्या बालगृहात ती काळजीवाहक होती आणि मी समुपदेशक. मिशी रंगवून, चौकीदाराचा कोट चढवून ती शेळीच्या गोठ्यापुढे खुर्ची टाकायची. "आता आपा नाही. घरमालक आला," असं जाहीर व्हायचं.

गोठा म्हणजे भाड्याची खोली. मुलींनी एकेकीने येऊन ती मागायची. आत रवंथ करणारी शेळी ही जुनी भाडेकरू. "इच्यासारखी दारात घाण करशीन त जमणार नाही," असं घरमालक बजावायचा आणि पोरी हसून लोळायच्या. मग आपा हळूच विचारायची, "तुहे मायबाप कुठी हायेत?" हसणं तिथेच थांबायचं.

अठरा पूर्ण झाली की मुलीने संस्था सोडायची, असा नियम. बाहेर खोली बघायला गेलं की हा प्रश्न येतोच. तरी मला तो खेळ दुष्टपणाचा वाटायचा. तसं बोलले, तर आपा म्हणाली, "म्याडम, रडाचं ते घरी रडून घ्यावं. भाईर डोये पुसाले कोण हाये?"

नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या पल्लवीची आई गेलेली, बापाचा पत्ता नाही. बुलढाण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. वर्ग सुरू व्हायच्या आत खोली मिळाली नाही, तर ते शिक्षण गेलंच. एका ठिकाणी हा प्रश्न येताच ती उठून पळाली होती.

दुसरी खोली बघायला निघालो त्या सकाळीही आपाने तालीम घेतलीच. एसटी चुकायची वेळ आली. घाईत तिने धुळीसाठी तोंडाला ओढणी बांधली, ती घाट चढून बुलढाण्यात पोचेपर्यंत सोडली नाही.

घरमालक म्हातारे, फार सालस. पाणी आलं, आपाने ओढणी सोडली. मिशी जागच्या जागी होती. काकांनी ती पाहिली, न पाहिल्यासारखं केलं आणि चहा सांगितला. खोली दाखवली, किल्ली पल्लवीच्या हातात ठेवली. विचारलं काहीच नाही.

हे आपाला सहन होईना. "असं कसं? चौकशी न करता पोरगी ठेवता काऊन तुम्ही?"

मी तिचा पाय दाबला, पण तिच्या अंगात घरमालक पुरता संचारला होता. काका बिचारे गांगरले. "बरं बाई, इचारतो. पोरी, तुहे मायबाप कुठी हायेत?"

पल्लवीची मान खाली गेली. गेली खोली, असं वाटून मला आपाचा अस्सा राग आला!

"माय मेली," पल्लवी म्हणाली. "बापाचं माहीत नाही." या वेळी ती उठली नाही. तिने आपाकडे बोट दाखवलं. "हे हाये ना. मिशीवाली हाये, पण मायच हाये माही."

काकांनी आता मिशी उघड बघून घेतली आणि हसले. "मंग झालं. सामान आणा."

हे उत्तर आपाने कुणाला शिकवलं नव्हतं. तिला रडू आवरेना. काजळ ओठांवरून हनुवटीवर ओघळलं. "घरी रडून घ्याचं असते," ती ओशाळून पुटपुटली, "अन् मीच भाईर रडून राह्यली."

पल्लवीने किल्ली मुठीत धरली आणि ओढणीने तिचं तोंड पुसलं. "रड ना मंग, आपा. हे घरच हाये आता."