लोरेटाबाईंची खुर्ची

पिट्सबर्गजवळच्या त्या नव्या वसाहतीत सायकलवाट आखली होती, पण तिच्यावर उभ्या असायच्या शेजाऱ्यांच्या गाड्या. नजर अधू झालेल्या लोरेटाबाईंना बाजार गाठायला तीनचाकी सायकलच उरली होती.

बर्फ पडला. गाड्या कामावर गेल्या, तशी बाईंनी फावड्याने सगळी वाट उपसली आणि तोंडाशी स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली. बर्फ उपसून केलेली गाडीची जागा खुर्ची ठेवून राखायची, हा इथला रिवाज; ज्याने बर्फ उपसला, त्याच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही.

संध्याकाळी शेजारचा डेनिस परतला. "लोरेटाबाई, खुर्ची गाडीवाल्यांनी ठेवायची. तुमची गाडी कुठाय?"

"ही काय, तीन चाकांची. हलव खुर्ची, हिंमत असेल तर."

डेनिस घुटमळला आणि गाडी घेऊन पुढे गेला. बाईंनी उरलेल्या खुर्च्याही वाटेवर आणून मांडल्या. त्या दिवशी त्या उभ्यानेच जेवल्या.