मामांचा न्यूट्रल

माझ्या बायकोच्या मामांइतकं दुसऱ्यांच्या घरातल्या दिव्यांवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. आपण कुणाकडे गेलो की आधी माणसांना भेटतो, मामा आधी छताकडे बघतात. चाकूरकडच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेत शिपाई होते. नोकरी संपली, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. लोह्याला एका नातेवाइकाच्या घरी सगळे दुःखाला गेलो होतो, माना खाली घालून बसलो होतो, आणि मामा हळूच खुर्चीवर चढून बल्ब पिळत होते. "होल्डरमधी ढिला होता. लई दिसापासून फडफडत असंल," असं त्यांनी त्या शांततेत जाहीर केलं. मामांचं शास्त्र पक्कं होतं. एकच दिवा लुकलुकत असेल तर दोष बल्बचा किंवा होल्डरचा. एका खोलीतले लुकलुकले तर बटणांचा बोर्ड बघायचा. पाण्याची मोटार लावताना क्षणभर मंद झाले तर घाबरायचं नाही. पण घरात कुठे मंद आणि कुठे लखलखीत व्हायला लागलं तर मीटरपाशी न्यूट्रलची वायर ढिली, लगेच वायरमनला बोलवायचं. कशालाही हात लावण्याआधी ते मेन पाडत. माझ्या सासूबाईंची मालिका ऐन रंगात असताना त्यांनी असं तीनदा केलं, तेव्हापासून मामा आले की सासूबाई मेनच्या बटणाखालीच खुर्ची टाकून बसायच्या.

मागच्या वर्षी माझ्या मुलीला बघायला नांदेडचे पाहुणे आले, तेव्हा मामाही लातूरला आमच्याकडेच होते. मुलाचे वडील मोठे इंजिनिअर. मी सकाळपासून धास्तावलेलो. भर दुपार होती, पण आमच्या बैठकीत उजेड कमी, म्हणून ट्यूब लावलेल्या. पोहे आले, बोलणं जरा कुठे रंगात आलं, तोच ट्यूब मंद झाल्या आणि मामा पोह्यांची बशी घेऊन ताडकन उभे राहिले.

"जावाईबापू, सैपाकघरातला बलब बगा कसा फुल झालाय! आन हितलं सगळं डीम. न्यूट्रल ढिला हाय तुमचा. मेन पाडा आधी!"

मुलाचे वडील हसले. "हे कोण?" त्यांनी मला विचारलं.

माझे मामेसासरे, एवढंच म्हणायचं होतं. "ओळखीचे आहेत," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर न थांबता मामांकडे वळलो, "बसा हो गप. तुम्ही कॉलेजात काचेची भांडी धूत होता, इंजिनिअर नव्हता."

पाहुण्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं. चहाचा ट्रे घेतलेली बायको दारातच थांबली. "हाव, बरोबर हाय," एवढंच म्हणून मामा खाली बसले. पाहुणे गेल्यावर, जेवायला थांबा म्हटलं तरी, "बस हाय माझी" म्हणून निघून गेले.

चौथ्या दिवशी फ्रिज आणि टीव्ही दोन्ही जळाले. वायरमननं मीटरपाशी उघडून काळी पडलेली न्यूट्रलची वायर दाखवली. "साहेब, आधी लाईट कमी-जास्त होत असंल की. कुणीच सांगितलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. बायको मागेच उभी होती. ती तशीच आत गेली, आणि दोन दिवस माझं ताट बाहेर वाढून स्वतः स्वयंपाकघरात जेवली.

रविवारी मी एकटाच चाकूरला गेलो. मामा ओसरीत कुणाचातरी मिक्सर उघडून बसले होते. "या या जावाईबापू!" पाणी देऊन बसवलं. मी सुरुवात केली, "मामा, तो न्यूट्रल..."

"मीटरपाशी का खांबावर?"

"मीटरपाशी."

त्यांचे डोळे चमकले. वायर किती काळी पडली होती, स्क्रू ढिला होता की वायरच तुटली होती, वास आला होता का, असा अर्धा तास गेला. मी बोलायला तोंड उघडायचो आणि त्यांचा पुढचा प्रश्न यायचा. खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटत होतं. चहा झाला, मिक्सर सुरू झाला, आणि मी आलो तसाच परत निघालो.

मामा स्टँडपर्यंत सोडायला आले.  तिथे खाली बघत म्हणाले, "एक इचारू का? रागवू नका. ते नांदेडचे पाव्हणे... माझ्यामुळं तर फिसकटलं न्हाई ना?"

"नाही मामा. पोरीनंच नको म्हटलं. तिला मुलगा पसंत पडला नाही."

"आईशपथ?"

"आईशपथ."

त्यांनी छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. "लई घोर लागला होता बगा. आठ दिस झाले, तुमच्या मामीला बी सांगितलं न्हाई."

तेवढ्यात लातूरची गाडी लागली. गर्दीत घुसून त्यांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली आणि खाली उतरून गाडी हलेपर्यंत उभे राहिले. काचेतून मी हात हलवला, त्यांनीही हलवला. माफी मागायला मी गेलो होतो, आणि मोकळे होऊन घरी गेले ते मामा.