नुमातांच्या बोळातला उलटा खांब

जपानमधल्या नोशिरोत जुनं घर दुरुस्तीला काढायचं म्हणजे तोकुजी हाताकेयामाला बोलवायचं आणि त्याचं भाषणही सोसायचं. भिंत फोडण्याआधी जमिनीखाली सरपटत जाऊन या. न्हाणीघरालगतचा खांब वरून कितीही धडधाकट दिसो, तळाशी टोच्या मारून बघा. ऐकायला माणूस मिळाला नाही तर हा बासष्ट वर्षांचा सुतार हेच सगळं करवतीला सांगतो, असं त्याची बायको म्हणते.

लाकूड कण्हलं तर घाबरू नका, हेही तो सांगतो. शेगडी पेटली, हवा सुकली, की देवदार अंग आक्रसतो, एवढंच. हे सांगताना मात्र तो समोरच्याकडे बघत नाही.

कारण नुमातांचं घर. चोविसाव्या वर्षी त्याने एकट्याच्या हिमतीवर उभं केलेलं पहिलं घर. सांगाडा उभा राहिला, घरमालक नुमाता रिवाजाप्रमाणे आढ्याजवळ चढून खाली जमलेल्या शेजाऱ्यांवर मोचीचे, म्हणजे चिकट भाताचे, गोळे उधळू लागले, आणि त्यांच्या बाजूला उभ्या तोकुजीला घरातल्या बोळातला, न्हाणीघरालगतचा खांब दिसला. गाठींची तोंडं जमिनीकडे. घाईत त्याने शेंड्याचं टोक खाली धरून खाच कोरली होती. झाड उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब कण्हतो आणि घराला खातो, हे तिकडचा सुतार आईच्या दुधाबरोबर शिकतो. तोकुजीने मोचीचा एक गोळा तोंडात कोंबला आणि गप्प बसला. आठवड्याभरात खांब भिंतीआड गेला.

पुढे नुमातांकडे जे जे बिनसलं ते त्याने आपल्या अंगावर घेतलं. नुमातांची पाठ धरली, तोकुजीने देवळात जाऊन माफी मागितली. त्यांची मांजर पळाली, तोकुजी तीन दिवस जेवला नाही. ती परतली ती गाभण. हाही खांबाचाच प्रताप समजून त्याने एक पिल्लू घरी आणून पोसलं.

गेल्या हिवाळ्यात नुमाता त्याच बोळात वारले. तेव्हापासून तोकुजी त्या गल्लीने जाईना.

या शरद ऋतूत नुमातांच्या बायकोने, सायोने, निरोप धाडला. गुडघे चालत नाहीत, न्हाणीघर मोठं करा, धरायला दांडी बसवा. नाही म्हणायला कारण सुचेना. त्याने बोळाची भिंत उघडली. खांब होता तसाच होता, फक्त तळाची हातभर लांबी कुजलेली. सायो चहा घेऊन आली तेव्हा तोकुजी कपाळ जमिनीला टेकून बसला होता. त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "त्यांना मी मारलं, वहिनी."

सायोने चहा खाली ठेवला.

"भाऊजी, सॉ-मिलमध्ये जन्म काढलेल्या माणसाला गाठी कळत नाहीत होय? आढ्यावरूनच दिसलं त्यांना. बोलणार होते, पण तुमचं तोंड बघितलं. सांगितलं तर हा पोरगा घर पाडून पुन्हा बांधेल, म्हणाले."

"आणि शेवटी?"

"शेवटी इथेच टेकून उभे होते. मी येईपर्यंत ह्या खांबाने पडू दिलं नाही त्यांना."

तोकुजीने नवा खांब सरळ बसवून देतो म्हटलं. सायो ऐकेना. संध्याकाळी शेगडी पेटवली की तो कण्हतो, ते घरात असल्यासारखं वाटतं, आणि आपल्याला अजून चहाचे दोन पेले काढायची सवय आहे, म्हणाली.

मग एकच मार्ग उरला. तुळईला जॅकचा टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि नवा तुकडा सांधायचा. तोकुजीने तुकडा हातात घेतला. रेषा वरच्या लाकडाशी जुळायच्या तर हाही शेंडा खाली करूनच बसवायला हवा. तेव्हा नजरचुकीने झालं होतं. आता बघून करायचं होतं. त्याने तुकडा सरळ धरला, फिरवला, पुन्हा सरळ धरला.

"लावा, भाऊजी," सायो म्हणाली.

त्याने लावला. टेकू हळूहळू उतरवला. खांबाने भार घेतला आणि लांबलचक कण्हला. तोकुजीने त्यावर तळहात ठेवला. सायोने जेवायला हाक मारली तरी तो हात काढेना. काढला तर पलीकडून टेकलेल्या नुमातांचा तोल जाईल, असं त्याला वाटत होतं.