निरंक

"काय रिपोर्ट?"

सकाळी गेटमधून आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराला आमच्या शाळेचे वॉचमनकाका हा प्रश्न विचारत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते मलकापूरच्या आमच्या इंग्रजी शाळेत लागले होते. पोरं टाचा जुळवून ओरडत, "ऑल ओके!" मग काका कडक सॅल्यूट ठोकत. दोनशे पोरं, दोनशे सॅल्यूट. आम्ही शिक्षक खिडकीतून हसायचो. तुम्हीही हसला असता.

त्याच वर्षी वरून आदेश आला आणि शाळेत छळ प्रतिबंधक समिती स्थापन झाली. मुख्याध्यापिका बाई अध्यक्ष, मी सचिव, आणि 'सुरक्षा प्रतिनिधी' ही जागा भरायची म्हणून काका. तक्रारपेटी आणली. मुलांना निर्भयपणे तक्रार करता यावी म्हणून ती बाईंच्या केबिनबाहेर, त्यांच्या खुर्चीतून नीट दिसेल अशी लावली. पेटीत काहीच येईना, तेव्हा शाळेत छळच नाही असं ठरलं. दर महिन्याला मी इतिवृत्तात 'प्राप्त तक्रारी : निरंक' लिहायचो, सगळे सह्या करायचे, मग बटाटेवडे यायचे.

पहिल्याच बैठकीत काका म्हणाले होते, "बाई, पेटी लय उंच हाय. पाचवीच्या पोरांचा हात पोचत न्हाई."

"सूचना चांगली आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वड्यांची प्लेट पुढे सरकवली.

दिवाळीनंतर एका सकाळी पाचवीतली एक मुलगी गेटवर गप्प उभी राहिली. तिचं घर मूळचं जतकडचं, मेंढपाळांचं. वडील आता इकडे ट्रक चालवायचे. काकांनी दोनदा विचारलं. मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काय झालं गं बाय? सांग मला. मी बी तुज्यासारखंच बोलतोय."

मुलीला रडू फुटलं. "काका, बसमदी मोटी पोरं बसू देत न्हाईत. मेंढरावानी वरडून दाव म्हंत्यात. काल वरडले न्हाई, तर ढकललं." तिनं बाही वर केली. कोपर सुजून निळं पडलं होतं.

काका तिला घेऊन थेट केबिनमध्ये गेले. मी तिथंच होतो.

"मुलं आहेत, मस्करी करायचीच," बाई म्हणाल्या. "आणि तिनं पेटीत लेखी कुठं दिलंय?"

ढकलणारा नववीतला मुलगा एका संचालकांचा पुतण्या होता. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून ड्युटी संपली की काका त्या मुलीशेजारी बसमध्ये बसू लागले. तिच्या गावात उतरून एसटीनं परत यायचे. पुतण्यानं एकदा विचारलं, "तुम्ही कशाला येता हो?"

"सुरक्षा प्रतिनिधी," काका म्हणाले. समितीतलं आपलं पद खरं मानणारा तो एकच माणूस.

महिनाअखेरीस बैठक भरली. मी सवयीनं 'निरंक' लिहिलं, खाली माझी सही केली आणि वही फिरवली. काकांनी चष्मा लावून वाचलं.

"सर, ह्ये खोटं हाय."

"काका, नुसती सही करायची असते," मी हळूच म्हणालो.

"फौजेत खोट्या रिपोर्टावर सही केली न्हाई. हितं कशी करू?"

त्यांनी सावकाश लिहिलं : 'एक मुलगी. बसमध्ये ढकलली. कोपर सुजलं.' खाली सही केली. त्या दिवशी वड्यांना कुणी हात लावला नाही.

आठवड्याभरात वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं काकांना वयाचं कारण सांगून कमी केलं. पण जाण्याआधी ते मुलीच्या आईला भेटून आले होते. आईनं इतिवृत्ताची नक्कल मागितली आणि ती घेऊन शिक्षण कार्यालय गाठलं. कागदावर सही होती, त्यामुळे कुणाला झटकता येईना. पुतण्यानं माफी मागितली, बसमध्ये एक मावशी नेमल्या गेल्या. समितीनं मावशींसोबत फोटो काढून 'राबवलेले उपक्रम' या सदरात लावला.

पुढच्या बैठकीत काकांच्या नावापुढची जागा रिकामी होती.

"गैरहजर लिहा," बाई म्हणाल्या.

मी पेन उचललं. मला काकांसमोर केलेली माझी सही दिसत होती, एकच पान मागे. मी लिहिलं : 'कामावरून काढले. कारण : खरं लिहिलं.'

बाईंनी वाचलं. "आधी खोडा ते!"

पण इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. तो नियम बाईंचाच.