शेपूट पुढे घेऊन निघालेला धूमकेतू

त्याला सगळे एकहाती म्हणत. नवखा माणूस आधी त्याच्या बाह्यांकडे बघायचा. पण हात दोन्ही धडधाकट होते. तीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, टेम्पोंच्या पाठी रंगवल्या, पण ब्रश एकदा टेकला की टेकला. पुसणं नाही, खरवडणं नाही, रंगाचा दुसरा हात नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि समोरच्याला घाई असली तरी सांगायचा.

त्या वर्षी आभाळात धूमकेतू आला होता. सूर्याला वळसा घालून परत निघाला होता म्हणे, आणि दिवस मावळला की मावळतीला अर्धा तास दिसायचा. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एकहातीला बोलावून अख्खी मोठी भिंत त्याच्या हवाली केली.

"एक सूर्य काढा, आणि त्याच्याकडून परत निघालेला धूमकेतू. शनिवारी मुलांचे आईवडील बघायला येणार आहेत."

शुक्रवारी दुपारी भिंत झाली. गर्द निळं आभाळ, उजव्या कोपऱ्यात परातीएवढा सूर्य, आणि त्याच्याकडे पाठ करून डावीकडे निघालेला धूमकेतू. डोकं पुढे, शेपूट मागे, नऊ हात लांब, पार सूर्याला टेकेल असं. टेम्पोंच्या पाठीवर धूर काढून काढून हात बसलेला, तो कामी आला.

बाई आल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"काका, शेपूट उलटं झालं."

"उलटं कसं? चालणाऱ्याच्या मागेच असतं ना?"

"याचं नसतं. सूर्य फुंकर मारतोय असं समजा. हा येवो की जावो, शेपूट सूर्यापासून लांबच उडणार. म्हणजे परत जाताना ते पुढे."

"शेपूट पुढे घेऊन कोण चालतं, बाई?"

"तो चालतो. पुसावं लागेल."

पुसावं लागेल म्हटल्यावर त्याचं तोंडच उतरलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही नाही का पोट पुढे घेऊन चालत? कुणी हरकत घेतली?"

"तीस वर्षांचं नाव आहे माझं. उद्या सगळ्यांसमोर जाईल."

"अहो, मग आधी वर बघून तरी या. न बघता भांडायला काय, मीसुद्धा भांडते."

बरोबर होतं तिचं. आठवडाभर सगळं गाव माना वर करून फिरत होतं आणि याचं नाक भिंतीला. दोघं गच्चीवर गेली. सूर्य समोरच्या गोदामामागे बुडाला, आणि थोड्या वेळानं तिथेच वर एक पांढुरका ठिपका दिसला. त्याचं शेपूट बुडालेल्या सूर्याकडे नव्हतं. सरळ वर गेलं होतं.

"बाई खरं बोलतात हो," बायको हळूच म्हणाली.

तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मुळाशी दाट, पुढे विरळ, टोकाला जवळजवळ नाहीच.

"काढणाऱ्याचा हात चांगला आहे," एवढंच म्हणाला.

सकाळी तो बाईंच्या आधी शाळेत पोचला. पुसायचं तर होतंच, पण ते शेपूट त्याचं आजवरचं सगळ्यात देखणं काम होतं. बराच वेळ तो शिडी खांद्यावर घेऊन नुसता उभा होता. मग शिडी उजवीकडे लावली, ब्रश गर्द निळ्या रंगात बुडवला आणि सूर्यावर फिरवला. पिवळा दिसेनासा व्हायला तीन हात लागले. नवा सूर्य गेला डाव्या कोपऱ्यात.

बाई आल्या आणि हसायलाच लागल्या.

"चुकलं का पुन्हा?"

"नाही, चोख आहे. फक्त आता तो परत निघालेला नाही, सूर्याकडे येतोय."

"येऊ दे की. आठवड्यापूर्वीच तर आला, लगेच कुठे घालवता?"

बाईंनी मान्य केलं.

संध्याकाळी आईवडील आले, एकहातीची बायकोही आली. एका मुलीचे वडील भिंतीवरून बोट फिरवत उजव्या कोपऱ्यापर्यंत गेले. "इथे रंग जरा जाड लागतोय."

एकहातीनं बायकोकडे बघितलं. ती दुसरीकडेच बघत होती.

"तिथे सूर्य होता," तो म्हणाला. "हलवला."